नर्सिंगच्या पोरींना लीडर करायचंय? सोपं आहे

तुमचं नर्सिंग कॉलेज बेळगावात असो, निपाणीत असो की चिक्कोडीत, पोरींना लीडर करायचं तर आधी एसी हॉल बुक करा. बेळगावच्या हवेत एसी कशाला, असलं विचारू नका. लीडरशिप वॉर्डात शिकवता येत नाही. तिथं पेशंट असतात.

वक्ता बेंगळुरूहून आणा. त्यानं उभ्या जन्मात बेडपॅन उचललेलं नसावं, एवढी एकच अट.

त्या दिवशी वॉर्डचं काय? एक स्टाफ नर्स असते की.

नाइटिंगेलबाईंच्या फोटोपुढं समई लावा, मेणबत्त्या घेऊन पोरींचे फोटो काढा. त्या बाई १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेल्या तेव्हा लष्करी डॉक्टरांना त्या नकोच होत्या, पुढं मेलेल्या शिपायांचे आकडे मांडून त्यांनी सरकारला गप्प बसू दिलं नाही, हे मात्र पोरींच्या कानावर घालू नका. दिवा पुरे.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१ च्या अभ्यासक्रमात सहाव्या सेमिस्टरला 'नर्सिंग मॅनेजमेंट अँड लीडरशिप' असा विषयच आहे. नोट्स डिक्टेट करा. लीडरशिपचे तीन प्रकार: ऑटोक्रॅटिक म्हणजे हुकूमशाही, डेमोक्रॅटिक म्हणजे लोकशाही, लेझे फेअर म्हणजे मोकळं सोडणारी. फरक स्पष्ट करा, पाच मार्क. वर्गात कुणी प्रश्न विचारला तर खाली बसवा, म्हणजे ऑटोक्रॅटिकचं प्रात्यक्षिकही होऊन जातं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पोरीनं खरंच पुढाकार घेतला तर तिथल्या तिथं ठेचा. आमच्याकडं गेल्या महिन्यात झालं तसं. चंदगडकडची एक आजी ॲडमिट. केसशीटवर ॲलर्जीच्या रकान्यात 'नाही', कारण लिहिणाऱ्याला मराठी येत नव्हतं आणि आजीला दुसरं काही येत नव्हतं. ड्यूटी डॉक्टरनं ॲमॉक्सिसिलिन-क्लाव्ह लिहिलं, म्हणजे पेनिसिलिनच्याच जातीचं औषध. सहाव्या सेमिस्टरची पोरगी सुई भरायच्या आधी सहज विचारते, "आजी, कुठलं औषध बाधतंय काय ओ तुम्हाला?" आजी म्हणाली, "मागं एका सुईनं अंगभर गांधी उठल्या हुत्या बघ, श्वासबी कोंडलाता." पोरीनं उशाची प्लॅस्टिकची पिशवी उपसली, जुना डिस्चार्जचा कागद काढला. पेनिसिलिन ॲलर्जी, लाल शाईत. ती डॉक्टरकडं गेली. "सर, हे देता येणार नाही." राउंडला, सगळ्यांसमोर. डॉक्टरनं ऑर्डर बदलली, चकार शब्द न बोलता. दुपारी प्रिन्सिपलकडं तक्रार: पोरगी उलट बोलते. संध्याकाळी तिच्याकडून माफीपत्र. मी म्हटलं, अहो, बाई मेली असती. तर मला उत्तर, "मॅडम, तुम्ही मध्ये पडू नका."

मग परवा कार्यशाळा झाली. विषय 'न घाबरता बोला'. त्या पोरीला स्वागतगीताला उभं केलं होतं. गायली बिचारी. पाहुणे कुंद्याच्या मिठाईचा बॉक्स घेऊन गेले.

बास झालं आता, आणखी थट्टा सुचत नाही. लाज कशी वाटत नाही तुम्हाला? योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे पहिल्या वर्षापासून आम्ही घोकून घेतो. तिनं ते केलं, आणि तुम्ही सही घेतली तिची. पुढच्या वेळी ती गप्प बसेल. तिच्या बॅचच्या सगळ्या गप्प बसतील, कारण हॉस्टेलवर बातमी त्याच रात्री पोचली. मग तुमच्याच आईला कुणी चुकीची सुई टोचायला घेतली तर अडवणार कोण? तो बेंगळुरूचा पाहुणा?

ते माफीपत्र फाईलमधून काढा. डॉक्टरला बोलवा, त्याच वॉर्डात, राउंडच्याच वेळी, आणि तिच्याशी नीट बोलायला लावा. केसशीट लिहिताना मराठी येणारं माणूस जवळ ठेवा. अर्धा वॉर्ड खानापूर-चंदगडचा असतो, हे तुम्हाला आज कळतंय काय? आणि हॉलच्या भाड्याचे पैसे उरतील त्यात रात्रपाळीला एक नर्स वाढवा.