लग्नपत्रिकेच्या मेसेजबद्दल खुलासा
ग्रुपवर फिरतंय की लग्नपत्रिकेचा मेसेज नुसता आला तरी फोन हॅक होऊन खातं रिकामं होतं, तर असं नाहीये. फाईलच्या नावात शेवटी डॉट एपीके दिसलं की ती पत्रिका नाहीच, अँड्रॉइडचं ॲप आहे, आणि ते आपणच इन्स्टॉल करून एसएमएसची परमिशन दिली की मग ते बँकेचे ओटीपी गुपचूप भामट्यांकडे पाठवतं. आरटीओ चलनाच्या नावानेही हेच येतं. नुसती आली असेल तर डिलीट करा, घाबरू नका. इन्स्टॉल झालं असेल तर मात्र आधी नेट बंद, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा. आणि ओळखीच्या नंबरवरून आली म्हणून खरी समजू नका, बरेचदा त्यांचाच फोन आधी फसलेला असतो.