‘गायब’ झालेले माया लोक बाजारात घासाघीस करतायत

गेल्या आठवड्यापासून एक फॉरवर्ड फिरतोय: ‘माया लोक हजार वर्षांपूर्वी अचानक गायब झाले, त्यांच्याबरोबर भाषाही मेल्या. उरलीय ती त्सुतुहिलसारखी एखादी बोली, तिला ना लिपी ना व्याकरण.’ आमच्या घरच्या ग्रुपवर तो तीनदा आला, तेव्हा लिहायला बसलो.

गायब झाले? नवव्या शतकाच्या आसपास ओस पडली ती मुख्यतः सखल जंगलातली शहरं. मध्य अमेरिकेतल्या डोंगराळ ग्वाटेमालात आतित्लान सरोवराच्या काठी त्सुतुहिल हे माया लोक होतेच. स्पॅनिश सेनानी पेद्रो दे अल्वारादो 1524मध्ये तिथे लढला तो भुतांशी का? आजही तिथल्याच सांतियागो आतित्लान गावच्या बाजारात बायका त्सुतुहिल भाषेत भाव करतात. 2018च्या जनगणनेत लाखाहून जास्त लोकांनी स्वतःला त्सुतुहिल म्हणवलं.

लिपी नाही? रोमन लिपी आहे, आणि माया भाषांची वर्णमाला सरकारने 1987मध्ये अधिकृत केली. तीत काही अक्षरांमागे बारीक स्वल्पविरामासारखी खूण येते, ती नक्षी नाही. साधा ‘क’ म्हणा. आता घसा क्षणभर बंद करून तोच ‘क’ फटकन फोडा. हा वेगळा वर्ण. आपल्याला क आणि ख वेगळे, तसे त्यांना हे दोन. भाषेच्या नावातला पहिला ‘त्स’ही असाच फुटणारा. देवनागरीत तो लिहायची सोय नाही, म्हणजे लिपी तोकडी पडते ती आपलीच!

व्याकरण नाही, हे तर फारच झालं. ‘मी झोपलो’मधल्या ‘मी’साठी त्सुतुहिल क्रियापदाला जी खूण लागते, तीच ‘त्याने मला पाहिलं’मधल्या ‘मला’साठी. ‘मी त्याला पाहिलं’मधल्या ‘मी’ची खूण मात्र निराळी. ‘राम झोपला’ पण ‘रामाने आंबा खाल्ला’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला यात फार नवल वाटू नये.

बोली? कशाची? कीचे आणि काक्चिकेल या तिच्या बहिणी. ग्वाटेमालात आज मान्यता असलेल्या 22 माया भाषांपैकी ती एक आहे.

फॉरवर्डमध्ये खऱ्याचा अंश आहे तो एवढाच, की भाषेला धोका आहे. सरोवराकाठच्याच सान पेद्रो ला लागुना या गावात परदेशी पाहुणे स्पॅनिश शिकायला येतात, गावभर त्याच्या शाळा आहेत. आणि तिथल्या काही घरांत आईबापही मुलांशी आता स्पॅनिशच बोलतात.