दिवा कुणाचा चालू आहे?

कालपासून माझं घड्याळ ड्रॉवरमध्ये पालथं पडलंय. तिथेच राहू दे मेलं.

शेजारणीचा गुडघा धरला आणि तिचं तिकीट माझ्या गळ्यात पडलं, एवढीच पूर्वपीठिका. इंग्लंडमधल्या आमच्या गावात दुपारचा संगीत प्रयोग. १९४० सालचं लंडन, वरून बॉम्ब, खाली आसऱ्याला जमलेली गल्ली आणि दर दहा मिनिटांनी गाणं. कार्यक्रमपत्रिका रेशनबुकासारखी. मध्यंतरात कूपन फाडून दिलं की आईस्क्रीम. पैसे वेगळे!

शेजारच्या खुर्चीत एक आजी होत्या. जांभळी टोपी, मांडीवर पत्र्याचा डबा, डब्यात लिमलेटच्या गोळ्या. पडदा उघडायच्या आत त्यांनी मला दुसरं महायुद्ध शिकवायला घेतलं.

"अंडं आठवड्याला एक. चहा दोन औंस. तुला कल्पना नाही यायची, डिअर."

"रेशन आमच्याकडेही..."

"आणि बॉम्ब! लागोपाठ सत्तावन्न रात्री!"

सत्तावन्न असं म्हणाल्या, जणू खिडकीत बसून एकेक रात्र मोजली होती. मी आदराने विचारलं, "तेव्हा तुम्ही केवढ्या होतात?"

"मी? मी अठ्ठेचाळीसची."

म्हणजे युद्ध आटोपून तीन वर्षं झाल्यावर बाई जन्मल्या. पण गोळ्यांची गोष्ट मात्र त्यांची स्वतःची होती. इथलं रेशनिंग १९५४ पर्यंत रेंगाळलं. गोळ्या-चॉकलेटवरचं उठलं फेब्रुवारी १९५३ मध्ये. वडिलांनी त्यांना खांद्यावर घेऊन दुकान गाठलं, ही रांग! नंबर लागेपर्यंत लिंबाच्या गोळ्या संपल्या. सत्तर वर्षं बाई त्याचा वचपा काढताहेत, आणि गोळीचा कागद सोलतात तो नेमका नायिकेच्या हुंदक्यावर.

मला सांगायचं होतं की बाई, मी रॉकेलचा कॅन रांगेत ठेवून शाळेत जायचो. मधल्या सुट्टीत येऊन तो चार वीत पुढे सरकवायचा. दुकानदाराचं एकच पालुपद, "साखर सोमवारी." कुठला सोमवार, ते कधी सांगितलं नाही. आईच्या गोदरेजच्या कपाटात रेशनकार्ड अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. गॅस घ्या नाहीतर पासपोर्ट काढा, त्याच्यावाचून पान हलायचं नाही. आमच्या रांगेला कुणी चाल लावली नाही एवढंच.

दुसऱ्या अंकात भोंगा झाला. मिट्ट काळोख. भोंगा, विमानं आणि बँड असा एकत्र गदारोळ उठला आणि माझं हुशार घड्याळ लखलखलं. मोठ्या आवाजाने कानांना धोका आहे म्हणे!

"दिवा कुणाचा चालू आहे?" पत्र्याचं हेल्मेट घातलेला वॉर्डन थेट प्रेक्षकांत उतरला आणि टॉर्च माझ्या तोंडावर. "हिटलरला पत्ता देतोयस?" अख्खं थिएटर हसलं. मीही हसलो, न हसून सांगतो कुणाला. मनगट शर्टात कोंबलं, तर ते बाहीतून उजळायला लागलं.

तेवढ्यात आजी माझ्या बचावाला उभ्या राहिल्या. "असू दे रे, तो इंडियाचा आहे. त्यांना ब्लॅकआऊट कुठला माहीत!"

हे लागलं. १९७१ साली आमच्या आईने मुंबईत खिडक्यांना काळे कागद चिकटवलेत. मोटारींच्या दिव्यांना काळा रंग फासायचे. आणि ज्या युद्धाची ही गाणी, त्याच युद्धात १९४३ मध्ये मुंबईला रेशन आलं आणि बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने गेली. नाटकातला नायक इटलीहून परततो म्हणून बँड वाजतो. नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी त्याच इटलीत, एप्रिल १९४५ मध्ये, सेनिओ नदीतून गोळीबारात जखमी सोबती वाहून आणले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. अडीच तासांत एक कडवं बसलं नसतं? पण हे टॉर्चच्या उजेडात कसं बोलणार? मी "सॉरी" म्हणालो. वॉर्डनला!

शेवटच्या गाण्याला सगळे उभे राहिले. चाल इतकी सोपी की माझेही ओठ हलायला लागले, आणि त्याचाच जास्त राग आला. आजींनी अंधारात माझ्या मुठीत एक गोळी दाबली. "घे, डिअर. मनाला लावून नको घेऊस."

घेतली. नायिका प्रियकराच्या खांद्यावर डोकं टेकवत होती. थिएटर चिडीचूप. मी हलकेच कागद सोलला.

टॉर्च पुन्हा वळला.