गाडीचा रंग निवडणाऱ्यांसाठी काही सूचना

मोटरसायकल घेताना ब्रेक, टायर, मायलेज असल्या किरकोळ बाबी विक्रेत्यावर सोपवाव्यात आणि आपली सारी बुद्धी रंगावर खर्च करावी, कारण ब्रेक शेजाऱ्यांना दिसत नाहीत.

प्रथम घरातल्या सर्वांचे मत घ्यावे. काळा म्हटले की आजीला शनी आठवेल, लाल म्हटले की वडिलांना पोरगा सुसाट सुटेल अशी धास्ती वाटेल आणि पांढरा म्हटले की आई ‘धुणार कोण?’ असे विचारील. सर्वानुमते निळा ठरला की शोरूममध्ये जावे. निळ्याला वेटिंग असून पाडव्याच्या मुहूर्तावर हवी असेल तर काळीच मिळेल, असे तेथील तरुण अत्यंत नम्रपणे सांगेल. अशा वेळी खट्टू होऊ नये. आपल्याला मुळात काळीच हवी होती, असे घरी ठणकावून सांगावे. वर्षानुवर्षे खपत आलेल्या स्प्लेंडरच्या बाबतीत तर रंगाची निवड म्हणजे बहुतेक वेळा काळ्या टाकीवर पट्टे जांभळे हवेत की चंदेरी, एवढाच प्रश्न असतो, आणि तेवढ्यावरही घरोघरी अबोले झाले आहेत.

लष्करी रुबाब हवा असेल तर हिरव्याचा विचार करावा. मात्र केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२१ वाचू नये. ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणालाही देता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे, आणि असले वाचन उत्साहाला मारक ठरते. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी विमानातून उतरवल्या जाणाऱ्या ‘फ्लाइंग फ्ली’ या चिमुकल्या गाडीच्या स्मरणार्थ रॉयल एन्फील्डने २०१८ साली क्लासिक ५०० ची पेगासस आवृत्ती काढली, तेव्हा परदेशी ग्राहकांना हिरवी आणि तपकिरी अशा दोन्ही गाड्या मिळाल्या. भारतीयांना, सैन्याबद्दल सर्वाधिक उमाळा असूनही, तपकिरीवर भागवावे लागले. कंपनीने नियम वाचला असावा. आपण गल्लीतल्या पेंटरकडे जावे.

रंग बदलून घेतल्यावर आरटीओकडे अर्ज करून आरसीवर नोंद बदलून घ्यावी लागते, पण तेवढी तसदी कोण घेतो? कागदावरचा रंग उन्हापावसात विटत नाही, म्हणून तो जुनाच राहू द्यावा. नाक्यावरच्या हवालदाराची नजर रंगांच्या बाबतीत फार तयार असते. गाडी केशरी आणि नोंद काळी, हा फरक तो लांबूनच ओळखील आणि आपल्या आवडीनिवडीची आस्थेने चौकशी करील.

सध्या मॅटची, म्हणजे चकाकी नसलेल्या रंगाची, चलती आहे, तेव्हा मॅट अवश्य घ्यावा. त्यावर ओरखडा उठला तर तो पॉलिशने जात नाही, तरीही रविवारची सकाळ खर्चून घासत राहावे, म्हणजे ओरखडा जागेवरच राहून त्याच्याभोवती तळहाताएवढा चकचकीत डाग उमटतो.

गाडी घरी आल्यावर हार घालून, लिंबू-मिरची बांधून झाली की त्याच संध्याकाळी टाकीला काळ्या रेक्झिनचे कव्हर चढवावे. कव्हरखाली धूळ अडकून रंग घासला जातो असे जाणकार म्हणतात. त्यांचे ऐकू नये. पुढे कधीतरी गाडी विकायला काढाल तेव्हा कव्हर उतरवावे. एवढ्या खलबतांनंतर निवडलेला रंग घेणाऱ्याला त्या दिवशी नीट पाहता येईल, आणि तुम्हालाही.