कूलर भरता भरता

मी दर जानेवारीत बारीक होतो. कागदावर. यंदाही 1 तारखेला कॅलेंडरच्या मागे ठळक अक्षरात लिहिलं : मार्चअखेर 10 किलो कमी, रोज 10,000 पावलं. बायकोनं ते वाचलं आणि त्याच्याच खाली दुधाचा हिशोब मांडला. "जागा होती न," म्हणाली.

पहिले तीन दिवस झोकात गेले. पहाटे साडेपाचला कानटोपी चढवायची, त्रिमूर्तीनगरातून स्कूटर काढायची आणि अंबाझरीला जाऊन चालायचं. चालण्यासाठी स्कूटरवर जाण्यात आमच्याकडे कोणालाच काही वावगं वाटत नाही. घात झाला तो परतीच्या वाटेवर. थंडीत कुडकुडत येणाऱ्या माणसासमोर तर्री पोह्यांचा ठेला येतो तेव्हा काय होतं, ते नागपूरकराला सांगायला नको. पोह्यांच्या ढिगावर चण्याची लालभडक तर्री ओतली जाते, तेल आधी कडेला पळतं, मग सावकाश पोह्यांत उतरतं, वरून मूठभर कांदा. मी मोबाइल पाहिला. 10,000 पूर्ण. म्हटलं, कमावलंय, एक प्लेट चालते. चौथ्या दिवशी 6,200 वरच दम लागला. म्हटलं, आज तसंही हुकलंच, मग एक काय नि दोन काय. म्हणजे गाठलं तरी पोहे, हुकलं तरी पोहे! संक्रांतीपर्यंत कानटोपी कपाटात गेली.

भाचा म्हणाला, "मामा, 21 दिवस नेटानं कर, सवय लागते." भाच्यांना सगळं माहीत असतं. मीही मग रात्री मोबाइलवर शोधत बसलो. हे 21 दिवस एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनचे निघाले. ऑपरेशननंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला निदान 21 दिवस लागतात, असं त्यानं 1960 साली लिहून ठेवलं. नाकाचा हिशोब लोकांनी पायाला लावला! आणि ते 10,000? 1965 मध्ये जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'मानपोकेई', दहा हजार पावलांचं मीटर. त्या यंत्राच्या नावापायी मी पहाटे साडेपाचला उठत होतो बाप्पा!

त्यातल्या त्यात एक अभ्यास बरा वाटला. लंडनमध्ये 96 लोकांना एकेक साधी गोष्ट रोज त्याच वेळी, त्याच कामाला जोडून करायला सांगितली होती, नाश्त्यानंतर वगैरे. सवय मुरायला सरासरी 66 दिवस लागले. कोणाला 18 पुरे, तर कोणाला 254 लागतील, असा हिशोब निघाला. मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, हेही कळलं. तो 254 वाला मला रक्ताचा नातेवाईक वाटला. मी मोबाइल बंद करून झोपलो.

एप्रिल उजाडला, कूलर खिडकीत बसला. वाळ्याच्या नव्या ताट्या, पंपाची घरघर आणि रोज संध्याकाळी सातला टाकी भरायचं काम माझ्याकडे. यंदा उन्हाळ्यात इतके हजार लिटर पाणी भरीन, असा संकल्प नागपुरात कोणी सोडल्याचं मी ऐकलं नाही. पण पारा 45 वर गेला की टाकी कोरडी ठेवून झोपणाराही मी पाहिला नाही. आमच्या पाइपाची धार दोऱ्याएवढी, टाकी भरायला वीस मिनिटं. सोडून जाता येत नाही, कारण विसरलं की सगळं पाणी समोरच्या काकांच्या दारात. मी पाइप धरून मोबाइल बघायचो. आतून बायको दर पाच मिनिटांनी विचारायची, "भरला का हो?" मी म्हणायचो, "होतच आला."

एक दिवस मोबाइल चार्जिंगला होता. उभं राहून राहून किती राहणार? म्हणून फाटकापासून कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापर्यंत गेलो, आलो. पुन्हा गेलो. आठ फेऱ्यांत टाकी भरली. दुसऱ्या दिवशी मोबाइल मुद्दामच आत राहू दिला. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, सातलाही जमीन भाजत होती, तेव्हा पाचच फेऱ्या. मधे लग्नाला दोन दिवस अमरावतीला गेलो, कूलर कोरडा, पाय बसलेले. परत येऊन नळाला पाइप लावला तसे पाय आपसूक खांबाकडे निघाले. संकल्प नाही, कानटोपी नाही, वाटेत ठेला नाही. काका विचारायचे, "काय भाऊ, काय हरवलं? शोधून राहिले का काही?" मी कूलरकडे बोट दाखवायचो. आमच्या गल्लीत याहून भक्कम कारण नाही.

10 किलोचं विचाराल तर वजनकाटा पलंगाखाली आहे आणि त्यावर लोणच्याची बरणी आहे.

जुलैत पाऊस लागला तरी उकाडा होताच, कूलर सुरूच. पुढे तो नुसताच फिरायचा, पाणी दिवसाआड. मग नोव्हेंबर आला. ताट्या काढल्या, टाकी पुसली, कूलरवर ताडपत्री टाकून दोरी आवळली. त्या दिवशी सात वाजता मी चप्पल घालून फाटकाबाहेर होतो. का, ते मलाही सांगता आलं नसतं. सहावी फेरी चालू होती तेव्हा स्वयंपाकघरातून, फोडणीच्या आवाजातून, बायको ओरडली, "भरला का हो?"

मी म्हटलं, "होतच आला."