कृती वरीलप्रमाणे

एकाच घरातली चार फंक्शन्स (प्रोग्रॅमचे मिळतेजुळते तुकडे) लिहून झाली की त्यांचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे कोण काय करतं याचं एकेक पान, लिहावं लागतं. हे काम शुक्रवारी संध्याकाळी काढावं. हिंजवडीची बस खाली उभी असली की हात चांगला चालतो.

सर्वांत सोपं म्हणजे डकवणं. पहिल्याचं वर्णन उचला आणि उरलेल्या तिघांवर डकवा. चारही पानं भरलेली पाहून रिव्ह्यू करणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. पुढे टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहायची मुदत, तीस सेकंदांचा दहा झाला, तर आठवेल त्या एकाच पानावर बदला. बाकी तीन ठिकाणी तीस असू द्या, वाचणाऱ्यालाही मतदानाचा हक्क हवा. नाव बदलायचं राहिलं तर दुधात साखर. डिलीटच्या पानावर 'नवी नोंद तयार करते' असं वाचलं की दुपारच्या जेवणानंतरची झोप उडते.

डकवायचाही कंटाळा आला तर बोट दाखवा. 'अ'वर लिहा 'ब पाहा', 'ब'वर 'क पाहा' आणि 'क'वर, अर्थातच, 'अ पाहा'. सदाशिव पेठेत पत्ता विचारत फिरणाऱ्याला तिसरा माणूस निदान वाडा तरी दाखवतो. आपण तेवढंही करायचं नाही.

कोडमधून अशी पानं तयार करणारी साधनं असतात. त्यांतल्या जावाडॉकमध्ये इनहेरिटडॉक ही सोय आहे, डॉक्सिजनमध्ये कॉपीडॉक आहे. मजकूर एकदाच लिहायचा, तो दुसरीकडे आपोआप उमटतो. त्यांच्या नादी लागू नका, पुढच्या तिमाहीत दुरुस्त करायला काय उरेल?

आणखी एका खोडीपासून सावध राहा. माझ्या आजीच्या वहीत बेसनाच्या लाडवांखाली रव्याचे लाडू एका ओळीत उरकलेत: 'बाकी वरीलप्रमाणे, पण पिठीसाखर नको, एकतारी पाक.' बाईनं फरक तेवढा सांगितला नि वही मिटली. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, तिचे लोकही त्याच वळणाचे. मजकुरात एखादं अक्षर कितव्या जागी आहे ते शोधणारी दोन फंक्शन्स तिच्यात आहेत, फाइंड आणि इंडेक्स. इंडेक्सच्या पानावर एवढंच: फाइंडसारखंच, पण शोधलेलं सापडलं नाही तर व्हॅल्यूएरर नावाची चूक. फाइंड अशा वेळी उणे एक देतं. आता गंमत अशी की पायथनमध्ये उणे एक म्हणजे शेवटून पहिली जागा. 'पुणे'मध्ये 'ठ' शोधा, आलेलं उणे एक तपासून न बघता जागा म्हणून वापरा, की हाती येते 'णे'वरची मात्रा, आणि प्रोग्रॅम हूं की चूं करत नाही. इंडेक्सनं तिथेच बोंब मारली असती.

अख्ख्या पानात कामाचा असतो तो हा फरक, म्हणून नेमका तेवढाच गाळा. बाकी पॅरामीटरचं कोष्टक चारदा छापा, लेखकाचं नाव चारदा घाला, लायसन्स तर हवंच.

फंक्शन काढून टाकल्यावर त्याच्या पानाचं काय करायचं, हे वेगळं सांगत नाही. कृती वरीलप्रमाणे.