एका वेलांटीसाठी सहा दिवस

बदल केवढा होता ते आधी सांगते, म्हणजे माझं डोकं का फिरलंय ते कळेल. ‘पीलबाग’ या शब्दातली दुसरी वेलांटी पहिली करायची. एवढंच. अर्ध्या मिनिटाचं काम.

चोपड्याकडच्या एका केळी व्यापाऱ्याचं ॲप मी सांभाळते. कापणी कधी, घड किती, वजन किती, भाव काय लागला, पैसे कधी मिळणार, यापलीकडे त्यात काही नाही. केळीची बाग कुठल्या प्रकारची ते निवडायला एक यादी आहे: नवती, पिलबाग, मृगबाग, कांदेबाग. त्यात दोन वर्षांपूर्वी मी घाईत ‘पीलबाग’ लिहून ठेवलं. शेकडो जणांनी ते रोज वाचलं, कुणी हू की चू केलं नाही. यंदा शेठच्या वडिलांच्या नजरेला पडलं. ते मराठीचे निवृत्त मास्तर. मग संपलंच. २२ एप्रिलला शेठचा फोन: “ताई, तेवढं करून टाका, बाबा रोज जेवताना तोच विषय काढतात.”

मी म्हटलं, दोन दिवसांत करते. इथेच माती खाल्ली.

२५ तारखेला रात्री बसले. वेलांटी बदलली, बिल्ड केलं (म्हणजे कोडमधून चालतं ॲप बांधून घेतलं), ॲपलच्या ॲप स्टोअरवर चढवलं, आणि ते तसंच माघारी आलं. का? तर २४ एप्रिल २०२५ पासून आयफोनचं ॲप एक्सकोड १६ (एक्सकोड म्हणजे आयफोनची ॲप्स बांधायचं ॲपलचं सॉफ्टवेअर) किंवा त्याच्या पुढच्याने, आयओएस १८ च्या (आयओएस म्हणजे आयफोनची सिस्टीम) एसडीकेवर, म्हणजे तिच्या अवजारांच्या संचावर, बांधलेलं असेल तरच घेणार, असा नियम लागला होता. माझ्याकडे एक्सकोड १५.४. एका दिवसाने हुकले. तो आधीच जाहीर झालेला होता, मीच वाचला नव्हता. ती चूक पदरात घेते. पण एक चूक केली म्हणून माणसाला किती उठाबशा काढायला लावायच्या?

दुसऱ्या दिवशी आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, माहेरी निघायचं होतं. मनात म्हटलं, त्यात काय, एक्सकोड उतरवून घेऊ, गावाला बसून करू. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये हाडं खिळखिळी करून सकाळी घरी पोचले, चहा घेतला, लॅपटॉप उघडला, ॲप स्टोअरवर एक्सकोड शोधलं. १६.३ होतं. बटण दाबलं. म्हणे, मॅकओएस (मॅकची सिस्टीम) १५.२ लागेल. माझ्याकडे १४.४. म्हणजे एक वेलांटी बदलायला एक्सकोड बदला, आणि एक्सकोड बदलायला अख्खी सिस्टीम बदला. दाराची कडी मोडली म्हणून घर पाडायला निघालेली मंडळी ही.

बरं, तेव्हाचे आकडे तरी बघा. एक्सकोड १६, आयओएस १८, मॅकओएस १५, आणि स्विफ्ट ही ॲपलची प्रोग्रॅमिंगची भाषा, ती ६. एकाच घरातली चार भावंडं, आणि एकाच्या वयावरून दुसऱ्याचं वय सांगता आलं असतं तर शपथ. कुणाचं कुणाशी जमतं त्याचा एक तक्ता असतो. आमच्याकडे लग्न जमवताना गुरुजी छत्तीस गुणांचा मेळ घालतात, अठरा जुळले तरी लोक बोहल्यावर चढतात. इथे छत्तीसच्या छत्तीस लागतात.

आता नेट. गावात फोनचाच हॉटस्पॉट, आणि पॅक दिवसाला दोन जीबीचा. सिस्टीमचं अपडेट कित्येक जीबी, एक्सकोडची दाबून बांधलेली फाईल तीनेक जीबी, आणि ती उघडल्यावर भिजवलेल्या पोह्यांसारखी फुगते ती वेगळीच. माझ्या मॅकची डिस्क २५६ जीबीची. जागा करायला बसले तर एका कोपऱ्यात आयओएस डिव्हाइस सपोर्ट नावाचं फोल्डर सापडलं. आजवर जो जो फोन या मॅकला लावला, त्याच्या प्रत्येक आयओएस आवृत्तीची वेगळी थप्पी, आणि एकेक थप्पी कित्येक जीबी खाऊन बसलेली. जे फोन आता जगातच नाहीत त्यांचंही सामान मी वर्षानुवर्षं जपत होते. सगळं उडवलं. घरात आई आखाजीची साफसफाई करत होती, तेवढीच माझ्याही हातून झाली.

सिस्टीमचं अपडेट चोपड्याला मामेभावाच्या दुकानात जाऊन केलं. सगळा रविवार तिथे गेला. पट्टी इंचाइंचाने सरकतेय, भाऊ गिऱ्हाईक सोडून मला विचारतोय, “हाई खराब व्हयनं का?” आणि अपडेट निम्म्यावर आल्यावर मला कळलं की एक्सकोड १६.२ ला मॅकओएस १४.५ सुद्धा चालतं. म्हणजे एवढी मोठी उडी मारायची गरजच नव्हती. स्टोअर फक्त ताजंच दाखवतं, जुनं हवं असेल तर डेव्हलपरच्या वेगळ्या पानावर जाऊन शोधायचं. पाटीवर एवढं लिहायला काय जात होतं?

सोमवारी नवं एक्सकोड उघडलं. उघडल्या उघडल्या म्हणतं, आयओएस १८.४ बसवलेलं नाही, आधी ते उतरवा. एक्सकोड १५ पासून आयओएसचा सिम्युलेटर, म्हणजे मॅकच्या पडद्यावरचा नकली आयफोन, पेटीत मिळतच नाही, वेगळा घ्यावा लागतो. तोही कित्येक जीबीचा. बरं, मला सिम्युलेटर नकोच होता! आमच्या ॲपमध्ये वजनकाट्याच्या पावतीचा फोटो काढायचा असतो, आणि सिम्युलेटरला कॅमेरा नसतो. मला खऱ्या फोनवर तपासायचं होतं. पण नाही. तो सांगाडा उतरवल्याशिवाय खऱ्या फोनसाठीही बिल्ड करू देत नाही. बस पकडायची तर आधी रेल्वेचं तिकीट दाखवा.

पुन्हा चोपडा, पुन्हा भावाचं दुकान.

खरा फोन शेठच्या मुलाचा. तो मोटारसायकलवर फोन घेऊन आला, सोबत आंब्याची पिशवी. पोरगं चांगलं आहे, त्याच्यावर राग नाही. पण त्याने आणलेली केबल फक्त चार्जिंगची, तिच्यातून डेटा जात नाही, हे कळण्यात अर्धा तास गेला. मग केबल बदलली. मग ‘या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का’. ठेव बाबा. मग डेव्हलपर मोड चालू करा, आयओएस १६ पासून ते लागतं, आणि ते चालू केलं की फोन बंद होऊन पुन्हा सुरू होतो. मग एक्सकोड त्या फोनमधली सिम्बॉल्स (ॲपमधल्या चुका शोधायला लागणारी माहिती) स्वतःकडे उतरवत बसलं. तेवढ्या वेळात पोरगं दोन आंबे खाऊन झोपलं. ते सगळं झालं, आणि कळलं की ॲप बिल्डच होत नाहीये.

का? एक जुनी लायब्ररी (दुसऱ्या कुणी लिहिलेला आयता कोड) कंपायलरला, म्हणजे कोडचं ॲप करणाऱ्या यंत्रणेला, ‘-G’ नावाची एक खूण देते, आणि नवं एक्सकोड म्हणतं, ही मला माहीत नाही. ती लायब्ररी मी आणलेली नाही. मी जी आणली तिने दुसरी आणली, दुसरीने तिसरी, आणि तिसरीच्या पोटात ही खूण. व्याह्याच्या व्याह्याने कर्ज काढावं आणि वसुलीवाला माझ्या दारात उभा राहावा, असं ते. त्यावर उपाय म्हणजे मधल्या सगळ्या लायब्रऱ्या नव्या करा. त्यासाठी फ्लटर (एकाच कोडमधून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींचं ॲप करणारं साधन) नवं करा. फ्लटर नवं केलं की अँड्रॉइडची बाजू, जी इतके दिवस कुणाच्या अध्यात ना मध्यात होती, ती कोसळणार. कोसळली.

त्यातही अर्धा हात माझाच. अँड्रॉइड स्टुडिओने (अँड्रॉइडकडचं एक्सकोडच म्हणा) ‘नवी आवृत्ती आली’ म्हटलं आणि मी झोपेत ‘हो’ दाबलं. नव्या स्टुडिओबरोबर जावा २१ आलं, आधी १७ होतं. माझं ग्रेडल (अँड्रॉइडचं ॲप बांधणारं साधन, ते जावावर चालतं) जुनं, सातच्या मालिकेतलं. त्याने तोंड वर करून सांगितलं: ‘अनसपोर्टेड क्लास फाईल मेजर व्हर्जन ६५’. हा ६५ कुठून आला म्हणाल, तर जावाच्या आकड्यात ४४ मिळवायचे. १७ चे ६१, २१ चे ६५. बाहेर ऊनही ४४ च्याच घरात होतं, त्यामुळे हा हिशेब मी जन्मात विसरणार नाही. पण मला सांगा, ‘तुमचं ग्रेडल जुनं आहे, जावा २१ साठी ८.५ तरी लागेल’ असं सरळ वाक्य लिहायला यांना कुणी बंदी केली आहे? ६५ काय? कोड्यात बोलायला हे काय लग्नातले उखाणे आहेत?

ग्रेडल आठवर नेलं. मग अँड्रॉइडचं ग्रेडल प्लगइन, म्हणजे ग्रेडलला लावायचं जोडसाधन, तेही आठवर. (ग्रेडल वेगळं, ग्रेडलचं प्लगइन वेगळं, दोघांचे आकडे वेगळे. विचारू नका.) आठवर गेलं की प्रत्येक मॉड्यूलला, म्हणजे ॲपच्या प्रत्येक तुकड्याला, ‘नेमस्पेस’ (त्याचं वेगळं नाव) लिहिलेलं लागतं. माझ्यात लिहिलं. पण पावती स्कॅन करायचं जे छोटं प्लगइन मी वापरते, त्याच्या कर्त्याने ते कधीच वाऱ्यावर सोडलंय. त्यात नेमस्पेस नाही, आणि टाकणारही कुणी नाही. मग त्याची नक्कल करून घ्या, स्वतः एक ओळ घाला, आणि आजपासून ते पोर तुमचं.

हे सगळं ओसरीवर बसून चाललेलं. आबा ठिबकच्या नळ्या दुरुस्त करत समोरच बसलेले. त्यांनी शेवटी विचारलंच, “इतलं काय शे त्याम्हा?” मी चिडून सांगितलं, की याचा आकडा त्याला बसत नाही, त्याचा याला बसत नाही. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक जॉइनर काढला, काळा, उन्हाने पांढुरका पडलेला. माझ्या लग्नाच्याही आधीचा. समोरच्या नव्याकोऱ्या १६ एमएमच्या नळीत घातला, दाबला, बसला. “सोळानं सोळाच ऱ्हास ना बेटा,” म्हणाले आणि पुढची नळी ओढली.

मला त्यांच्यावर राग येईना आणि रडूही येईना. त्यांना काय सांगू, की आमच्याकडे १६ आणि १६.३ मध्ये एवढं अंतर असतं की मधे अख्खी सिस्टीम मावते!

आणि मंगळवारी सकाळी शेठच्या पोराचा फोन आयओएस १८.४.१ वर गेला. रात्री चार्जिंगला लावला होता, झोपेत आपोआप अपडेट झाला. आदल्या दिवशी तो १८.३ च्या मालिकेत होता. झालं, सिम्बॉल्स पुन्हा उतरवा. नवी थप्पी, पुन्हा काही जीबी. जे फोल्डर मी रिकामं केलं होतं ते तीन दिवसांत परत गरोदर.

लोकांना वाटतं आम्ही कोड लिहितो. या सहा दिवसांत मी कोड किती लिहिला? एक वेलांटी, माझ्यात नेमस्पेसची एक ओळ, आणि दुसऱ्याच्या प्लगइनमध्ये एक ओळ. बाकी सगळा वेळ आकड्यांच्या मागे धावण्यात गेला, आणि ते आकडे बदलणाऱ्याला माझं गाव, माझा दोन जीबीचा पॅक, दुपारी जाणारी लाईट यातलं काही माहीत नाही. शेठला बिल काय लावू? ‘वेलांटी, १ नग’? सहा दिवसांचे पैसे मागितले तर तो म्हणेल, ताई, एवढ्यात पेटीभर माल मुंबईला पोचतो. आणि त्याचं चूक तरी काय? त्याला स्क्रीनवर फरक काय दिसणार? वेलांटी डावीकडे गेली.

बुधवारी आखाजी. सकाळी घागर भरली, वर डांगर ठेवलं, पितरांना नैवेद्य झाला. दुपारी खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. मी ताटावरून उठून दर पाच मिनिटांनी स्क्रीन बघून येत होते. निंबाला झोका बांधलेला, सगळ्या माहेरवाशिणी जमलेल्या, गाणी सुरू. वर्षातून एकदा हा झोका वाट्याला येतो. आई दारातून ओरडली, “माय, झोका बांधाई गया, तू कव्हय येशी?” आणि मी अँड्रॉइडची बिल्ड हिरवी व्हायची वाट बघत बसलेली, मांडीवर तापलेला लॅपटॉप, पाठीला कूलरचं कोमट वारं.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला दोन्हीकडचं चढलं. आयफोनचंही घेतलं, अँड्रॉइडचंही. ‘पिलबाग’. पहिली वेलांटी. मी स्क्रीन मोठी करून दोनदा पाहिली.

मग शेठच्या पोराला फोन लावला. म्हटलं, नीट ऐक. सेटिंग्जमध्ये जा, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट, ऑटोमॅटिक अपडेट्स, तिथलं सगळं बंद कर, आणि मी सांगेपर्यंत बोटही लावू नकोस.

तो म्हणाला, “ताई, मी कालच बंद केलं होतं. पण आजोबांनी रात्री परत चालू केलं. त्यांना कुणीतरी सांगितलं, अपडेट नसलं की बँकेतले पैसे जातात.”